नेट न्यूट्रॅलिटी: तुमच्या रिचार्जमध्ये काय उघडणार, हे नेमकं कोण ठरवतं?

मागच्या महिन्यात मिरजेला मावशीकडे गेले होते. संध्याकाळी साडेआठची वेळ. घरात माणसं पाच, मोबाईल चार आणि चारही चालू. मावशी व्हॉट्सॲपवर कांदा-लसूण मसाल्याच्या ऑर्डरी उतरवून घेत होती. काका हळदीच्या सौद्याचे दर बघत होते. मावसभाऊ हेडफोन लावून एमपीएससीचं लेक्चर ऐकत होता आणि धाकटी बहीण रील्स बघण्यात गुंग. आजी तेवढी टीव्हीसमोर.

मावशीने विचारलं, "सध्या कशावर लिहितेस गं?"

म्हटलं, "नेट न्यूट्रॅलिटीवर. म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना सारखी वागणूक मिळाली पाहिजे, असा नियम आहे."

"मग आमच्या स्वयंपाकघरात रेंज का येत नाही?"

तिचा प्रश्न रास्त होता, पण त्याचा या विषयाशी संबंध नाही. गंमत म्हणजे हा गोंधळ फक्त मावशीचा नाही. नेट न्यूट्रॅलिटी म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, स्पीडची काहीतरी भानगड असणार, नाहीतर इंजिनिअर लोकांचा वाद असणार. २०१५ मध्ये यावर देशभर गदारोळ झाला तेव्हा मी शाळेत होते आणि मलाही तसंच वाटलं होतं. पुढे मास कम्युनिकेशनला असताना हा विषय अभ्यासाला आला, तेव्हा लक्षात आलं की हा वाद मावशीच्या घरातल्या त्या चार मोबाईलचाच होता.

आधी साधा हिशोब

तुमच्या घरी वीज येते. मीटर फिरतो, युनिट मोजली जातात, बिल येतं. मिक्सर कुठल्या कंपनीचा आहे, हे महावितरण विचारत नाही. अमुक कंपनीचा फ्रिज घेतला तर युनिट फुकट आणि दुसऱ्या कंपनीचा घेतला तर व्होल्टेज कमी, असं होत नाही. वीज विकणाऱ्याने वीज विकावी, त्यावर काय चालवायचं ते घरातली माणसं ठरवतील.

हेच इंटरनेटला लावायचं. तुम्ही दिवसाला दीड जीबीचा पॅक मारला, तर तो दीड जीबी कशावर खर्च करायचा ते तुमचं तुम्ही बघाल. टेलिकॉम कंपनीने मध्ये बसून एखादी साइट अडवायची नाही, एखादं ॲप मुद्दाम हळू करायचं नाही आणि कोणाकडून पैसे घेऊन त्याचं ॲप पुढे सरकवायचं नाही. एवढंच. 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' हा शब्द अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ च्या सुमाराला रूढ केला, पण कल्पना त्याहून जुनी आहे. पत्र कोणी कोणाला पाठवलंय हे बघून पोस्टमनने ते उशिरा टाकायचं नसतं, ही ती कल्पना.

आता यात काय येत नाही, तेही बघू. दिवसाचा डेटा संपल्यावर स्पीड पडतो, तो या नियमाचा भंग नाही, कारण तो सगळ्याच साइटचा सारखा पडतो. टॉवर लांब आहे म्हणून रेंज नाही, हा वेगळा विषय (सॉरी मावशी). सरकार एखाद्या जिल्ह्यात इंटरनेट बंद करतं, तो त्याहून गंभीर विषय आहे, पण तोही वेगळा. आणि मोठ्या कंपन्या आपले सर्व्हर ग्राहकांच्या जवळच्या शहरात ठेवतात म्हणून त्यांचे व्हिडिओ लवकर चालू होतात, त्यालाही हा नियम हरकत घेत नाही. हरकत आहे ती मधल्या नाक्यावर बसलेल्या कंपनीने गाडी कोणाची आहे ते बघून फाटक उघडण्याला.

केबलवाल्याचं उदाहरण जास्त जवळचं आहे

विजेचं उदाहरण सगळेच देतात. मला केबलचं जास्त पटतं, कारण तो त्रास आपण प्रत्येक घराने भोगलाय.

२०१९ मध्ये टीव्हीचे नवे दर आले ते आठवतंय? १०० चॅनेलसाठी १३० रुपये आणि वर जीएसटी. मग त्यावर पैसे देऊन घ्यायचे ते वेगळे चॅनेल, त्यांचे वेगळे पॅक. आजीच्या मालिकेचा चॅनेल एका पॅकमध्ये, क्रिकेट दुसऱ्या पॅकमध्ये, कार्टून तिसऱ्यात. त्या महिन्यात कित्येक घरांत कागद-पेन घेऊन हिशोब चालले होते की कोणाचा चॅनेल ठेवायचा आणि कोणाचा काढायचा. आमच्याकडे बाबांच्या बातम्या राहिल्या आणि आईचा चॅनेल गेला. कसा ते विचारू नका.

इंटरनेट असं का नाही? तिथे 'सोशल पॅक', 'व्हिडिओ पॅक', 'शॉपिंग पॅक' असं विकत घ्यावं लागत नाही, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की ते आपोआपच आहे असं वाटतं. ते आपोआप नाही. भारतात इंटरनेट त्याच रस्त्याने निघालं होतं आणि त्याला थांबवलं गेलं.

२०१५: दहा लाख ईमेल

सुरुवात डिसेंबर २०१४ मध्ये झाली. स्काईप, व्हायबरसारख्या ॲपवरून इंटरनेट कॉल करायचा असेल तर त्या डेटाचे वेगळे पैसे घेऊ, असं एअरटेलने जाहीर केलं. म्हणजे डेटा तुम्ही विकत घेतलेलाच आहे, पण त्यावर बोललात तर अजून द्या. लोक इतके भडकले की काही दिवसांत कंपनीने पाऊल मागे घेतलं.

कंपन्यांची अडचण खोटी नव्हती. लोक एसएमएस सोडून व्हॉट्सॲपवर गेले होते, आयएसडी कॉल सोडून स्काईपवर. कमाईचा जुना झरा आटत होता. पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय आपल्या खिशातून जाणारा होता.

२७ मार्च २०१५ ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, या विषयावर लोकांची मतं मागवली. त्यासाठी काढलेला कागद ११८ पानांचा आणि त्यात २० प्रश्न. आता सरकारी इंग्रजीतली ११८ पानं कोण वाचतंय? एरवी कोणी वाचली नसती. पण काही तरुणांनी 'सेव्ह द इंटरनेट' ही मोहीम उभी केली, प्रश्नांची तयार उत्तरं लिहून दिली आणि एआयबी या कॉमेडी ग्रुपने एक व्हिडिओ करून तो विषय कॉलेजच्या कट्ट्यावर आणला. मुदत संपेपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. भारतात एखाद्या नियामक संस्थेला सामान्य लोकांनी एवढ्या संख्येने लिहिल्याचं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. ट्रायने पुढे ते सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले, त्यावरून वेगळीच बोंब झाली, तो भाग सोडा.

त्याच एप्रिलमध्ये एअरटेलने 'एअरटेल झीरो' आणलं. कल्पना अशी की एखादं ॲप वापरताना ग्राहकाचा डेटा कापला जाणार नाही, त्याचे पैसे ॲपवाली कंपनी भरेल. फ्लिपकार्ट त्यात जाणार अशी चर्चा होती. लोकांनी प्ले स्टोअरवर जाऊन फ्लिपकार्टला एक-एक स्टार द्यायचा सपाटा लावला आणि काही दिवसांत फ्लिपकार्टने माघार घेतली.

इथपर्यंत लढाई सोपी होती. खलनायक दिसत होता, तो पैसे मागत होता. खरी परीक्षा पुढे होती, कारण पुढचा पाहुणा पैसे मागत नव्हता. तो फुकट देत होता.

फुकटचं इंटरनेट आणि महाराष्ट्रातला शेतकरी

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर 'इंटरनेट डॉट ऑर्ग' भारतात आणलं. पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे त्याचंच नाव झालं 'फ्री बेसिक्स'. डेटा पॅक न मारता ठरावीक साइट फुकट बघायच्या: फेसबुक, विकिपीडिया, हवामान, नोकऱ्या, काही बातम्या. आजच्या हिशोबात हे किरकोळ वाटेल, पण तेव्हाचे दर आठवा. एक जीबी डेटाला साधारण अडीचशे रुपये पडायचे आणि तो महिनाभर पुरवायचा असायचा. फोटो डाउनलोड करण्याआधी माणूस विचार करायचा.

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने पुन्हा मतं मागवली. या वेळी प्रश्न नेमका होता: वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळा दर लावू द्यायचा का? फेसबुकने मग जी मोहीम काढली ती ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, शहरांत होर्डिंग आणि फेसबुक उघडलं की ट्रायला पाठवायचा मजकूर तयार, तुम्ही फक्त बटण दाबायचं. खुद्द मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. त्यात उदाहरण होतं महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं. तो फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज बघतो, बाजारभाव बघतो आणि आता नवं पीक घेतोय. याला कोणाचा विरोध कसा असू शकतो, असा एकूण सूर.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आजही सोपा वाटत नाही. उपाशी माणसाला कोणी अर्धी भाकरी देत असेल, तर ती पूर्ण नाही म्हणून हिसकावून घ्यायची का? शहरात वायफायवर बसून शेतकऱ्याचं फुकटचं इंटरनेट बंद करा म्हणणं, यात एक उद्धटपणा आहेच. त्या वेळी हे बोलणारे लोक होते आणि ते सगळे फेसबुकचे पगारी नव्हते.

पण भाकरीचं उदाहरण जरा नीट बघू. माझ्या काकांची हळद आहे. त्यांच्या हातात फ्री बेसिक्सचा फोन आहे असं धरू. हवामान दिसेल. पण पानावर करपा पडलाय, त्याचा व्हिडिओ बघायचा म्हटलं तर दिसणार नाही, कारण फ्री बेसिक्सच्या तांत्रिक अटींमध्ये व्हिडिओ बसतच नव्हता. गुगल नाही. यूट्यूब नाही. बाजारभाव कुठल्या साइटचा दिसणार? यादीत असलेल्या साइटचा. यादी कोण ठरवणार? अटी फेसबुकच्या, त्यांत बसाल तर आत. आणि सगळी ये-जा फेसबुकच्या हातून. काकांना सांगलीच्या एखाद्या पोराने बनवलेलं हळदीच्या दराचं ॲप वापरायचं असेल, तर त्या पोराने आधी त्या अटींवर आपलं ॲप बसवायचं.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे खातरजमा. फुकट असलेल्या ॲपवर एक बातमी येते, खाली लिंक आहे, लिंक दाबली की सांगितलं जातं, पुढे जायचं तर डेटा पॅक मारा. पैसे नसलेला माणूस तिथेच थांबणार. त्याच्यासाठी बातमी म्हणजे फेसबुकवर जे दिसलं ते. हे नुसतं कल्पनेतलं नाही. म्यानमारमध्ये कित्येक लोकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होतं, आणि रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यांना ते फार सोयीचं पडलं, असं संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८ मध्ये नोंदवलं. त्याला कारणं अनेक होती, सगळं खापर एका योजनेवर फोडता येणार नाही. पण एकाच दरवाजातून जग बघायची सवय लागली तर काय होऊ शकतं, ते तिथे दिसलं.

ट्रायनेही फेसबुकच्या त्या बटणछाप ईमेलवर नाराजी कळवली. विचारले होते प्रश्न आणि आले होते एका छापाचे पाठिंब्याचे अर्ज. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी नियम जाहीर केला: मजकूर काय आहे ते बघून डेटाचा दर बदलायचा नाही. फुकटही नाही, स्वस्तही नाही, महागही नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आपत्कालीन सेवांना सूट. तीन दिवसांनी फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स गुंडाळलं.

मग अर्ध्या भाकरीवाल्याचं काय झालं? त्याचं उत्तर त्याच वर्षी ५ सप्टेंबरला आलं. जिओ सुरू झालं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट होता. कुठली यादी नाही, अख्खं इंटरनेट. बाकीच्या कंपन्यांना दर पाडावे लागले. म्हणजे गरिबाला नेट मिळायचं तर ते तुकडा पाडूनच मिळेल, हा दावा सहा-सात महिन्यांत उघडा पडला. यात जिओचा परोपकार नव्हता, त्यांना बाजार हवा होता. आणि तो मिळाल्यावर काय होतं तेही आपण पाहिलं: जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. नेट न्यूट्रॅलिटीमुळे रिचार्ज स्वस्त होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तुम्ही जे विकत घेतलंय ते पूर्ण मिळतं, एवढंच होतं.

आपण फक्त बघणारे नाही

या विषयावरच्या बहुतेक लेखांत कुटुंब म्हणजे ग्राहक. नेटफ्लिक्स अडकलं, गेम लॅग झाला. मला हा अर्धाच भाग वाटतो.

मावशीचंच घ्या. सात-आठ वर्षांपूर्वी ती गल्लीपुरता मसाला करायची. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, डंकावर न्यायच्या, पाच-दहा घरांत द्यायच्या. मग मावसबहिणीने फोटो टाकले, एक व्हिडिओ केला, पुण्यातून विचारणा झाली, पुढे एक साधी वेबसाइट झाली. आज तिचा मसाला कुरिअरने बेंगळुरूला जातो, तिथल्या आमच्या नातेवाइकांच्या सोसायटीत. तिने यासाठी कुठल्या टेलिकॉम कंपनीची परवानगी काढली नाही. कुठे 'आमची साइट फुकट दाखवा' म्हणून पैसे भरले नाहीत. मोठ्या मसाला कंपनीची साइट ज्या रस्त्याने येते, त्याच रस्त्याने तिची येते.

आता उलटं कल्पून बघा. तो नियम नाही. एका बड्या मसाला कंपनीने टेलिकॉम कंपनीशी करार केला, त्यांचं ॲप वापरायला डेटा लागत नाही. मावशीची साइट उघडायला लागतो. महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी पॅक संपत आलेला असताना गिऱ्हाईक कोणाचं ॲप उघडेल? मावशीला कोणी अडवलेलं नाही. तिच्यावर बंदी नाही. ती फक्त दुकानाच्या मागच्या गल्लीत गेली.

मावसभावाच्या बाबतीतही तेच. तो ज्यांचं लेक्चर ऐकतो ते एक साधे शिक्षक आहेत, स्वतःच रेकॉर्ड करतात, स्वतःच टाकतात. एखाद्या मोठ्या कोचिंग ॲपने 'आमचे क्लास डेटा-फ्री' असा करार केला असता, तर लातूरच्या आणि सोलापूरच्या पोरांनी तेच लावलं असतं. स्वस्त होतं म्हणून, चांगलं होतं म्हणून नव्हे. आणि पेमेंट ॲपचा विचार करा. टेलिकॉम कंपन्यांची स्वतःची पेमेंट ॲप आहेत, सिनेमाची ॲप आहेत, गाण्यांची आहेत. रस्ताही त्यांचा आणि रस्त्यावरची काही दुकानंही त्यांचीच. म्हणून तर नियम लागतो.

मग सगळं मिटलं ना?

कागदावर भारताचा नियम जगातल्या कडक नियमांपैकी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने सविस्तर शिफारशी केल्या, जुलै २०१८ मध्ये दूरसंचार आयोगाने त्या मान्य केल्या आणि कंपन्यांच्या परवान्यातच अट घातली गेली. अडवायचं नाही, हळू करायचं नाही, कोणाला झुकतं माप द्यायचं नाही.

पण एक लक्षात घ्या. हा संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. ट्रायचा नियम आणि परवान्यातली अट, असा त्याचा पाया आहे. अशा गोष्टी बदलायला मोर्चा निघत नाही, एखादी अधिसूचना निघते. अमेरिकेत काय चाललंय बघा: २०१५ मध्ये नियम केला, डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केला, एप्रिल २०२४ मध्ये परत आणला आणि २ जानेवारी २०२५ ला तिथल्या अपील न्यायालयाने तो पुन्हा उडवला. नियामक संस्थेला हा अधिकारच नाही, असं न्यायालय म्हणालं. सरकार बदललं की इंटरनेट बदलतं, असा दहा वर्षांचा झोका.

भारतात सध्या दोन गोष्टींकडे डोळे ठेवायला हवेत.

पहिली म्हणजे 'फेअर शेअर', वाजवी वाटा. टेलिकॉम कंपन्यांची संघटना सीओएआय काही वर्षांपासून मागणी करतेय की यूट्यूब, नेटफ्लिक्ससारख्या ज्या बड्या कंपन्यांमुळे नेटवर्कवर भार पडतो, त्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. ऐकायला बरोबर वाटतं. गुगल-मेटाकडे पैशाला तोटा नाही आणि फाईव्ह-जीचे टॉवर फुकट उभे राहत नाहीत. त्या बड्या कंपन्यांसाठी माझे डोळे पाणावतात असंही नाही.

पण भार यूट्यूब टाकत नाही. मावसभाऊ लेक्चर लावतो, म्हणून तो व्हिडिओ मिरजेपर्यंत येतो. आणि त्याचे पैसे त्याने रिचार्जमध्ये दिलेले आहेत. एकाच पार्सलचे पैसे घेणाऱ्याकडूनही घ्यायचे आणि पाठवणाऱ्याकडूनही, अशी ही मागणी आहे. दक्षिण कोरियाने २०१६ पासून याच्या जवळ जाणारी पद्धत लावली. लाइव्ह स्ट्रीमिंगच्या 'ट्विच' या साइटने तिथे आधी २०२२ मध्ये व्हिडिओची क्वालिटी उतरवली आणि मग २७ फेब्रुवारी २०२४ ला देशच सोडला. बाकीच्या बहुतेक देशांच्या दहापट नेटवर्क शुल्क पडतंय, असं कंपनीने सांगितलं. ट्विचचा मालक ॲमेझॉन आहे. ॲमेझॉनच्या कंपनीला जे झेपलं नाही, ते उद्याच्या मराठी व्हिडिओ ॲपला झेपेल का? शुल्क फक्त 'बड्यांनाच' असेल, असं आज सांगितलं जातंय. पण लहान कधी मोठा होतो आणि रेघ कुठे मारायची, ते ठरवणार कोण?

दुसरी गोष्ट म्हणजे फाईव्ह-जीमधलं 'स्लायसिंग'. एकाच नेटवर्कवर वेगवेगळ्या कामांसाठी वेगळ्या मार्गिका आखता येतात. रुग्णवाहिकेतून डॉक्टरला थेट माहिती जात असेल तर तिला वेगळी मार्गिका हवीच, याला कोणी नाही म्हणणार नाही. अशा विशेष सेवांना २०१८ च्या नियमातही सूट आहे, फक्त त्यामुळे बाकीच्यांच्या इंटरनेटचं नुकसान होता कामा नये. वाद सुरू होतो तो ही मार्गिका जास्त पैसे देणाऱ्या ग्राहकाला विकायची म्हटल्यावर. याची चुणूक २०२० मध्ये दिसली. व्होडाफोन-आयडियाच्या रेडएक्स आणि एअरटेलच्या प्लॅटिनम प्लॅनमध्ये महागडे पोस्टपेड घेणाऱ्यांना जास्त वेग देण्याची भाषा होती. ट्रायने त्यावर बोट ठेवलं. प्रश्न साधा होता: टॉवर तोच, स्पेक्ट्रम तोच, मग वरच्या ग्राहकाला वाढवून दिलेला वेग येणार कुठून? प्रकरण दूरसंचार न्यायाधिकरणापर्यंत गेलं.

काटेकोर बोलायचं तर ही मजकुरावरून केलेली भेदभावाची केस नाही, ग्राहकावरून केलेली आहे, त्यामुळे ती नेट न्यूट्रॅलिटीत बसते का यावर जाणकारांत मतभेद आहेत. मावशीच्या घरासाठी मात्र तो मतभेद फारसा महत्त्वाचा नाही. त्या घरात चारही प्रीपेड.

आणि एक मर्यादा मान्य करायलाच हवी. हा नियम टेलिकॉम कंपन्यांना बांधतो, प्लॅटफॉर्मना नाही. इंस्टाग्रामने मावशीच्या मसाल्याचं रील कोणाला दाखवायचं आणि कोणाला नाही, ते इंस्टाग्रामच ठरवतं. ऑनलाइन विक्रीच्या साइटवर कोणाचा माल वर दिसतो, तेही त्यांच्याच हातात. रस्ता सारखा असला तरी बाजारात ओटा कोणाला मिळणार ही लढाई उरतेच. रस्ताच गेला तर मात्र ओट्यापर्यंत पोहोचायचाही प्रश्न येत नाही.

ट्राय अशा प्रत्येक विषयावर लोकांची मतं मागवतं, त्याची मुदत वेबसाइटवर असते आणि साधा ईमेल चालतो. एखादं ठरावीक ॲपच तुमच्याकडे रोज अडकतंय आणि बाकी सगळं नीट चालतंय असं दिसलं, तर आधी दुसऱ्या सिमवर तेच करून बघा, ट्रायच्या मायस्पीड ॲपवर वेग मोजा, स्क्रीनशॉट ठेवा आणि मग कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीत अपील करता येतं. कंटाळवाणं काम आहे, पण नंबर नसलेल्या तक्रारीला कोणी विचारत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मावशीला स्वयंपाकघरात उभं करून मी एक प्रयोग केला. तिच्या मोबाईलवर तिची साइट आणि माझ्या मोबाईलवर एका मोठ्या मसाला कंपनीची साइट, दोन्ही एकदम उघडायला लावल्या. सिम एकाच कंपनीचं. दोन्हीकडे ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं.

"बघ," ती म्हणाली, "त्यांचंही नाही उघडत."